बियाणं आमचं, भांडण तुमचं

आमच्या आजीचा व्हिडिओ कदाचित तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. जामसरचं घर, कुडाची भिंत, दारात बसलेली आजी, मांडीवर सूप आणि सुपात नागलीची कणसं. मागे बासरी. (बासरी आमच्या घरात कुणी वाजवत नाही, आमच्याकडे तारपा असतो. असो.) खाली ओळ होती, ‘जंगलाची ही आई जपतेय पूर्वजांचं बियाणं.’ मुंबईहून पाच जण आले होते. चांगली माणसं होती, जेवल्यावर आपापली ताटं घासली. आजीला मात्र त्यांनी तीन वेळा सूप पाखडायला लावलं, कारण पहिल्या दोन वेळा उजेड नीट नव्हता.

२०२५चा मे महिना होता. राब भाजून झाले होते, माळ्यावरून बी खाली काढायचे दिवस. त्याच महिन्याच्या ४ तारखेला दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जीनोम एडिटिंग केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. जगात असं पहिल्यांदाच घडतंय, असं सांगितलं गेलं. माझ्या कृषी कॉलेजच्या ग्रुपवर ती बातमी आली आणि एका मित्राने खाली लिहिलं, “आता तरी तुमच्याकडचे लोक ते जुनं बी सोडतील का गं?”

म्हणजे एकाच महिन्यात एका माणसाला वाटत होतं की आजीने कधीच बदलू नये आणि दुसऱ्याला वाटत होतं की तिने ताबडतोब बदलावं. माझे बाबा त्या व्हिडिओच्या एका चौकटीत मागे अर्धवट दिसतात. त्यांच्या खिशात दुकानदाराची चिठ्ठी होती. यंदा काय पेरायचं, बॅगेचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न घरात त्यांचा होता. त्यांना कुणीच काही विचारलं नाही.

मला या दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. आधी मित्राशी, कारण तो माझ्यासारखाच शिकलेला आहे आणि त्याला कळायला हवं.

मी अकरावीत असताना बाबांनी पहिल्यांदा सगळ्या खाचरात संकरित भात लावलं. दुकानदाराने उधारीवर बॅग दिली होती. त्या वर्षी भात खरंच चांगलं आलं, आजीच्या कोलमपेक्षा आणि महाडीपेक्षा जास्त आलं. हे मी लपवणार नाही. एरवी पौषात रिकामी होणारी कणगी फाल्गुनापर्यंत पुरली. बाबा आजीला म्हणाले होते, “तुझं बी चांगलं हाय, पण त्याने पोट भरत नाय.” आजी काही बोलली नाही. तिने कोलमची एक पेंढी तेवढी चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवली.

दुसऱ्या वर्षी नवीन बॅग घ्यायला पैसे नव्हते. जुनी उधारी फिटली नव्हती. बाबांनी आजवर जे केलं तेच केलं. कणगीतलं सगळ्यात टपोरं भात बियाण्यासाठी बाजूला काढलं आणि राबात पेरलं. आवणी झाली, श्रावण गेला आणि भाद्रपदात खाचर बघून आम्ही गप्प झालो. काही रोपं कमरेएवढी, काही गुडघ्याएवढी. काही निसवली होती, काहींना लोंबीचा पत्ताच नव्हता. कापणीला उतरलो तेव्हा एकाच खाचरात एक भात पिकून गळत होतं आणि शेजारचं हिरवं होतं. शेवटी हाताला लागलं त्यात पळींजच खूप.

त्या वर्षी मी बारावीला होते. मेंडेलचा वाटाण्याचा प्रयोग मला तोंडपाठ होता. उंच आणि बुटकं झाड एकत्र केलं की पहिली पिढी सगळी उंच येते, दुसऱ्या पिढीत तीनास एक प्रमाणात बुटकी परत निघतात. परीक्षेत मला त्याला पूर्ण मार्क होते. आणि आमच्या खाचरात तोच प्रयोग, एका गुणाऐवजी शेकडो गुणांचा, बाबांच्या पोटावर पाय देऊन चालला होता. संकरित बियाण्याची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. तिचं बी पुन्हा पेरलं की गुण विखुरतात. यात कुणाची फसवणूक नाही, हे शास्त्र आहे. पण ही एवढी गोष्ट बॅग विकताना बाबांना कुणी सांगितली नाही. दुकानदाराने नाही आणि बांधावर येऊन फोटो काढून गेलेल्यांनीही नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर जायच्या ऐवजी बाबा आणि आई दिवाळीच्या आधीच वीटभट्टीवर गेले. उचल घेतली होती. मी बारावीचा अभ्यास आजीच्या घरात, आढ्याला टांगलेल्या त्या पेंढीखाली केला.

म्हणून मित्रा, ‘जुनं बी सोडा’ म्हणताना पुढचं वाक्यही बोल. सोडून काय घ्यायचं? दरवर्षी विकत घ्यावं लागेल असं, की एकदा घेतलं तर चार-पाच वर्षं घरचं वापरता येईल असं? भातात दोन्ही मिळतं. आपल्या कोकणासाठी कर्जतच्या संशोधन केंद्राने सरळ वाणही काढले आहेत. ‘कर्जत-३’ आमच्या भागातही लोकांना माहीत आहे. त्याचं बी राखता येतं. तेही विज्ञानच आहे, पगारी शास्त्रज्ञांनी केलेलं, सरकारी पैशातून. मग दुकानाच्या फळीवर पुढच्या रांगेत सगळ्या संकरित बॅगाच का असतात? कारण सरळ वाण विकणाऱ्याला पुढच्या वर्षी गिऱ्हाईक उरत नाही. एवढं साधं आहे ते.

कापसाकडे बघ. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत देशातला जवळपास सगळा कापूस बीटी झाला. त्यावर दोन गट भांडत राहिले. जनुक चांगला की जनुक वाईट? या भांडणात एक गोष्ट झाकली गेली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन इथे बीटी जनुक बहुतांश सरळ वाणांत घातला गेला. आपल्याकडे तो आला जवळजवळ पूर्णपणे संकरित बियाण्यांतून. म्हणजे शेतकऱ्याने दरवर्षी दुकानात यायचंच, ही सोय बियाण्यातच करून ठेवलेली. महाग बी म्हणून झाडं विरळ लावायची, विरळ म्हणून पीक लांबवायचं, लांबलेल्या पिकावर गुलाबी बोंडअळीला पोसायला महिने मिळायचे. अळी प्रतिकारक्षम झाली. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले, तेव्हा त्यांच्या शेतात बीटीच उभं होतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २००९ मध्ये ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणाचं बीटी बी बाजारात आणलं होतं, स्वस्त आणि राखता येण्यासारखं. त्यात खासगी कंपनीचाच जनुक सापडला आणि ते गुंडाळावं लागलं. संस्थेच्या हलगर्जीपणाची चर्चा खूप झाली. शेतकऱ्याला राखता येईल असं बीटी बी पुन्हा वेळेत का आलं नाही, ही चर्चा त्या मानाने काहीच झाली नाही.

२०१९च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बी उघडपणे पेरलं आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागितलं. मला त्यांचा राग समजतो. निंदणीला माणसं मिळत नाहीत हे खरं आहे. (ती माणसं म्हणजे बऱ्याचदा आम्हीच, पण तो वेगळा लेख होईल.) मी त्यांना फक्त एवढंच विचारेन की स्वातंत्र्यात बी राखायचं स्वातंत्र्य येतं की नाही? विकत घ्यायचं स्वातंत्र्य तर दुकानदारही देतो.

आता व्हिडिओवाल्यांकडे वळते.

आजीकडे नागलीचे जे वाण आहेत त्यांत एक पितरबेंद्री आणि एक दसरबेंद्री. नावं नीट ऐका. एक पितृपक्षाच्या सुमाराला तयार होते, दुसरी दसऱ्याच्या. पाऊस लवकर गेला तर पहिली घर तगवते, लांबला तर दुसरी. कुठल्या उताराला कोणती लावायची, पाणी धरणाऱ्या खोलगट जागेत कोणतं भात आणि कातळावरच्या दोन इंच मातीत कोणती वरई, हे तिला माहीत आहे. हे ज्ञान आहे, याबद्दल माझा वाद नाही. वाद पुढे आहे. तुम्ही ते ‘पूर्वजांचं’ म्हणता तेव्हा ते आयतं मिळालेलं वाटतं. पूर्वजांनी दिलं आणि आजीने डब्यात ठेवलं, इतकंच. प्रत्यक्षात ती दरवर्षी उभ्या पिकातून फिरून कणसं निवडते, नको ती टाकते, माहेरून आलेलं एखादं बी कोपऱ्यात लावून बघते. कृषी विद्यापीठात याच कामाला निवड पद्धत म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. आजी जपत नाही, आजी संशोधन करते. तिला ‘आई’, ‘माता’, ‘देवता’ म्हणून मोकळं झालं की मोबदल्याचा विषयच निघत नाही.

आणि तुम्हाला ती वरई आवडते ना, एकादशीला? आमच्याकडे वरई उपासाला खात नाहीत, उपास घडू नये म्हणून खातात. तिचं टरफल इतकं घट्ट असतं की उखळात कांडून कांडून खांदे उतरतात. आई भट्टीवर असताना मी कांडलीय, मला विचारा. म्हणून बरेच लोक ती न कांडताच व्यापाऱ्याला घालतात. ती नाशिककडच्या गिरण्यांत जाते, तिथे पांढरी स्वच्छ भगर होते आणि तुमच्या पाकिटात येते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. मॉलमध्ये नागलीची बिस्किटं आली, ‘श्री अन्न’ असं नाव मिळालं. पण केंद्राच्या खरिपाच्या हमीभावाच्या यादीत ज्वारी आहे, बाजरी आहे, नाचणी आहे, अगदी खुरासणी आहे, वरई नाही. तिला श्री लावून झालं, भाव लावायचा राहिला. आणि नाचणीला २०२५-२६साठी क्विंटलला ४,८८६ रुपये भाव कागदावर आहे, पण आमच्या ओळखीच्या एकाही घराने त्या भावाने नागली विकल्याचं मी ऐकलेलं नाही. तुमच्या व्हिडिओला लाखभर लोकांनी बदाम दिले. त्यातल्या कुणी पाड्यावर वरई भरडायचं यंत्र बसवायची गोष्ट काढली असती, तर आजीने चौथ्यांदा सूप पाखडलं असतं.

आणखी एक. तुमच्यातल्या एका ताईने बाबांना सांगितलं, “काका, संकरित म्हणजे विष आहे, ते लावूच नका.” बाबा हसले. ज्या वर्षी त्या ‘विषा’ने फाल्गुनापर्यंत घर जेवलं ते वर्ष त्यांना आठवत असणार. आमच्या जव्हार तालुक्याचं नाव देशाला कशामुळे कळलं? १९९२-९३ साली वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने गेली त्यामुळे. अशा ठिकाणच्या बापाला ‘कमी पिकलं तरी चालेल, पण शुद्ध पिकव’ असं सांगायला भरल्या पोटाचं धैर्य लागतं. नागलीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळापेक्षा कितीतरी पटींनी जास्त, हे मलाही माहीत आहे आणि म्हणूनच ती ताटात राहायला हवी. पण ती भरपूर पिकली तर राहील. आजीची नागली पावसाच्या झोडीत आडवी पडते, मानमोडीने कणसं पोकळ राहतात. या रोगावर, या लोळण्यावर काम व्हायला हवं. त्यासाठी जनुकांचा अभ्यास लागत असेल तर लागू दे. मला जैवतंत्रज्ञान हवं आहे. माझ्या पिकांसाठी हवं आहे, माझ्या उतारासाठी, राखता येणाऱ्या बियाण्यात हवं आहे.

हे स्वप्नरंजन नाही. ओडिशातल्या शेतकऱ्यांच्या एका देशी भातातून निवडलेला ‘एफआर-१३ए’ नावाचा वाण होता. पुराच्या पाण्याखाली दोन आठवडे बुडून राहिला तरी जगणारा. त्यातला नेमका जनुक शास्त्रज्ञांनी शोधला, २००६ मध्ये तो जगापुढे मांडला आणि लोकप्रिय ‘स्वर्णा’ भातात तो उतरवला. २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब-१’ भारतात आलं. तेही सरळ वाण, बी राखता येणारं. पूर्व भारतातल्या पूरपट्ट्यात ते लोकांनी उचललं. विज्ञान आणि देशी बी एकमेकांचे वैरी असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उदाहरण बघावं. आणि त्यातच दुसरा प्रश्नही बघावा. ज्या शेतकऱ्यांनी ते भात पिढ्यान्‌पिढ्या राखलं, त्यातल्या एकाचं तरी नाव तुम्हाला माहीत आहे का? मलाही नाही.

नाव माहीत असूनही काय होतं, ते आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. नागभीड तालुका, दीडेक एकर जमीन, दलित कुटुंब, शिक्षण जेमतेम. १९८३ साली त्यांना आपल्या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून, दरवर्षी निवडून त्यांनी बारीक, चवदार भात तयार केलं. तेव्हा ज्या घड्याळाची हवा होती त्यावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. ते विदर्भभर गेलं, शेजारच्या राज्यांत गेलं. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बी नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून विद्यापीठाचा वाण आला. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही शुद्धीकरण केलं. दादाजींचं म्हणणं, भात माझं आहे. त्यांना राष्ट्रपती कलामांच्या हातून पुरस्कार मिळाला, २०१०मध्ये ‘फोर्ब्स’च्या यादीत नाव आलं. आणि ३ जून २०१८ला ते गेले तेव्हा उपचारांसाठी लोकांकडे मदत मागायची वेळ त्यांच्या घरावर आलेली होती. तुम्ही एचएमटी तांदूळ खाल्ला असेल. मीही हॉस्टेलच्या मेसमध्ये खाल्लाय. ते भात कुणाचं, हे मला कृषीच्या चार वर्षांत एकाही तासाला सांगितलं गेलं नाही. मला ते फोनवर कळलं.

कायदा नाही असंही नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ सालचा आहे. त्याच्या कलम ३९ने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि ब्रँड न लावता विकायचा हक्क दिला आहे. नोंदणी झालेलं बी सांगितल्याप्रमाणे पिकलं नाही तर भरपाई मागायची तरतूदही त्याच कलमात आहे. शेतकऱ्याचा वाण वापरून नवा वाण काढला तर लाभात वाटा द्यायची तरतूद आहे. हे सगळं मी आजीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, “हे कुठं सांगायला जायचं असतं?” दिल्लीला, असं म्हणायला मला लाज वाटली.

आता त्या जीनोम एडिटिंगच्या भाताबद्दल, कारण मित्राच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. दोन्ही वाण सरकारी संस्थांनी केलेत. एक ‘सांबा महसुरी’वर, दुसरा ‘एमटीयू-१०१०’वर. बाहेरचा जनुक घातलेला नाही, आतलाच बदललेला आहे. आणि मूळ दोन्ही सरळ वाण आहेत, म्हणजे शास्त्रापुरतं बोलायचं तर बी राखता यायला हवं. ही गोष्ट मला आवडली. पण ज्या तंत्राने जनुक बदलला त्याची पेटंट परदेशात आहेत. त्यांचा भुर्दंड उद्या बियाण्याच्या किमतीत उतरणार का? बी घरी राखलं तर चालणार का? हे लेखी सांगा, मग मी स्वतः बाबांना घेऊन रांगेत उभी राहीन. दुसरी गोष्ट, सांबा महसुरीवरचा तो नवा वाण मूळ वाणापेक्षा वीसेक दिवस लवकर येतो म्हणतात, तरी त्याला १३० दिवसांच्या आसपास लागतात. आमच्या उतारावर पाणी ओसरलं की संपलं. तिथं शंभर-एकशेदहा दिवसांत आटपणारं भात लागतं. म्हणजे तो आमच्यासाठी केलेला नाही. त्यात वाईट काही नाही, पण मग तो आम्ही ‘स्वीकारत’ नाही म्हणून आम्हाला मागास म्हणू नका. आमच्या वरईसाठी असं काम सुरू झाल्याची बातमी ग्रुपवर टाक, मी पहिली बदाम देईन.

यंदा घरात बऱ्याच बोलाचालीनंतर ठरलंय ते असं. खालच्या तीन खाचरांत सरळ वाणाचं भात, त्याचं बी पुढच्या वर्षासाठी निवडायचं काम बाबांचं. एका खाचरात संकरित, कारण बाबांना ते हवंय, आणि त्यातलं एकही दाणं बियाण्यासाठी ठेवायचं नाही हे त्यांनी माझ्याकडून दोनदा समजून घेतलं. वर उतारावर पितरबेंद्री आणि वरई. दसरबेंद्रीचं आजीचं बी कमी पडलं, ते शेजारच्या पाड्यावरच्या काकूकडून आणलं. एक पायली आणली, दिवाळीला दोन द्यायच्या. चिठ्ठी वगैरे काही नाही.

व्हिडिओवाल्यांचा परवा पुन्हा फोन आला होता. आवणीचं शूटिंग करायचंय म्हणाले. मी आजीला विचारलं. ती म्हणाली, येऊ दे, पण चिखलात उतरायचं म्हणावं. त्या दिवशी आम्हाला चार माणसं कमीच पडतात.